खोकणाऱ्या मुलीचा फोटो

जयपूरच्या रेल्वे कॉलनीत शेषरावांना सगळे पेंटरसाहेब म्हणत, आणि त्या 'साहेब'चं त्यांच्या बायकोला, कलावतीला, फार हसू येई. साहेबांची नोकरी म्हणजे स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर काळ्या अक्षरांत गावांची नावं लिहायची. फुलेरा, रिंगस, चौमूं, जिथली पाटी उन्हानं विटेल तिथं रंगाचा डबा घेऊन जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. ही झाली पोटापाण्याची गोष्ट. जीव अडकला होता तो चित्रांत. चौडा रस्ता या बाजारपेठेतल्या एका प्रकाशकासाठी ते मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं काढत. राजे, राण्या, साधू, डाकू, सगळी मंडळी त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये जन्माला येत.

मनातून चित्र काढणं त्यांना जमत नसे. "मनातून काढलेला हात रबराचा होते," असं ते खुशाल सांगत. म्हणून त्यांची पद्धत अशी, की आधी प्रसंग उभा करायचा, त्याचा फोटो काढायचा, फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या आणि मग तेवढ्याच चौकटी कागदावर मोठ्या आखून एकेक घर उतरवून घ्यायचं. त्यासाठी एक जुना साधा कॅमेरा होता आणि नट म्हणून अख्खी कॉलनी होती. रविवारी सकाळी अंगणात गर्दी जमे. गार्ड चतुर्वेदीजी चादर पांघरून महाराज होत. रेल्वेच्या कामगारांतला खलाशी हणमंत अंगणाच्या भिंतीवर दोन्हीकडे पाय टाकून बसे आणि हवेत लगाम ओढी, की झाला घोडेस्वार. घोडा मागाहून टांगा स्टँडवर जाऊन टिपायचा. कलावतीनं तर इतक्या राण्या केल्या होत्या, की हातात लाटणं घेऊनही ती सिंहासनावर बसल्यासारखी बसे.

या सगळ्यात शेषरावांचा एक नियम होता. अंग फोटोतलं घ्यायचं, पण चेहरा बदलायचा. नाक एकाचं, डोळे दुसऱ्याचे, हनुवटी तिसऱ्याची. हे शहाणपण त्यांना ठेच लागून आलं होतं. पूर्वी एकदा त्यांनी एका तिकीट तपासनिसाचा राक्षस काढला होता, शिंगांसकट. पुस्तक छापून आल्यावर तो माणूस वर्षभर त्यांच्याशी बोलला नव्हता, आणि त्याची बायको त्याहून जास्त दिवस बोलली नव्हती. तेव्हापासून कोणाचंही तोंड जसंच्या तसं कागदावर जायचं नाही, हे ठरून गेलं होतं.

तो नियम त्यांनी एकदाच मोडला. त्र्याऐंशी साली.

एका आरोग्यसंस्थेला क्षयरोगावरचं मोठं भित्तिपत्रक हवं होतं आणि काम प्रकाशकामार्फत शेषरावांकडे आलं. चित्रं दोन. पहिल्यात पदर तोंडाशी धरून खोकणारी तरुण मुलगी आणि दुसऱ्यात तीच मुलगी औषधानं बरी होऊन हसणारी. शेषरावांनी शेजारच्या उत्तमरावांच्या विभाला बोलावलं. उत्तमराव पार्सल ऑफिसात होते. तेही शेषरावांसारखे अकोल्याकडचेच, त्यामुळे दोन घरांत वाटीभर साखरेपासून सुखदुःखापर्यंत सगळ्याची ये-जा होती. विभा जयपुरातच वाढलेली. हिंदीत फाडफाड बोलणारी आणि मराठीत अडखळणारी. चोविशीतली पोरगी, हौसेनं आली.

शेषरावांनी तिच्या डोळ्यांखाली काजळाचं बोट फिरवलं, ओठांवर चिमूटभर पीठ लावलं, केस ओले करून कपाळावर ओढले. मग तिला अंगणाला धावत फेऱ्या मारायला लावल्या, म्हणजे धाप खरी लागली पाहिजे. कलावती दारात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. विभाही हसत होती, पण कॅमेरा वर आला की अशी काही खोकायची, की समोरच्या क्वार्टरमधल्या बाईनं विचारलं, "बिटिया को क्या हो गया?" शेवटी तोंड धुऊन, वेणी घालून तिचा दुसरा फोटो घेतला, हसरा.

फोटो धुऊन आले आणि शेषराव कामाला बसले. चेहऱ्याची घरं भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी डोळे उतरवले ते विभाचे, नाक उतरवलं ते विभाचं, ओठांची ती किंचित वाकडी कड, तीही विभाचीच. सगळं जमून आलं. असं जमून आलं, की स्वतःच्या हातावर त्यांचाच विश्वास बसेना. आयुष्यभर ज्याला लोक पाट्या रंगवणारा म्हणत आले, त्यानं एक जिवंत माणूस कागदावर उतरवला होता.

कलावतीनं मागून पाहिलं आणि म्हणाली, "अवो, ही तं आपली विभा हाये सारी. नाक बदला ना जरासं."

"बदलतो ना उद्या."

तो उद्या काही आला नाही. रबर हातात घेतलं, ठेवलं, परत घेतलं, परत ठेवलं. खेड्यापाड्यांत लागणार हे कागद, तिला तिकडे कोण ओळखतंय, असं त्यांनी स्वतःला पटवलं आणि चित्रं देऊन टाकली. माणसाला आपल्या हातचं चांगलं काम मोडवत नाही. त्याला गर्व म्हणा, नाहीतर माया म्हणा.

संस्थेनं खर्च वाचवायला हसरं चित्र गाळलं आणि नुसती खोकणारी मुलगी छापली. भलीमोठी, चार रंगांत.

त्याच हिवाळ्यात विभाची सोयरीक जुळत आली होती. मुलगा विलास, बँकेच्या सी-स्कीम भागातल्या शाखेत कारकून. त्याचे वडील सुभेदार ज्ञानोबा छावणीत होते, मूळचे वाशीमकडचे. परमुलुखात आपल्या समाजाचं, आपल्या भाषेचं स्थळ मिळणं म्हणजे केवढं भाग्य! पोरगी बघून झाली होती, पसंतीही झाली होती. बरोबर विलासची धाकटी बहीण देऊन दोघांना आमेरचा किल्ला बघायलासुद्धा पाठवलं होतं, आणि परत आल्यापासून विभा उगाचच घरात गुणगुणत होती. तारीख तेवढी ठरायची होती.

आणि विलासची आई भागुबाई काही कामानं चौमूंला गेली. बस स्टँडच्या भिंतीवर तिची होणारी सून खोकत होती.

ही बातमी उत्तमरावांना छावणीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळली. ते कामावरून तडक शेषरावांकडे आले आणि खुर्चीत बसले. म्हणाले, "शेषराव, भागुबाईनं चौमूंले ते पोस्टर पाह्यलं. पोरीले टीबी हाये काय असं इचारून राह्यले म्हनते लोकं."

कलावती नुसती शेषरावांकडे बघत होती. नाकाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्यांनी कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. ज्यानं घाण केली त्यानंच ती निस्तरावी, असा त्यांचा स्वभाव. विभाचे सगळे फोटो पाकिटात घातले, सायकल काढली आणि छावणीचा रस्ता धरला. साधा सरळ हिशेब होता त्यांचा. फोटो दाखवायचे, काजळ कुठे, पीठ कुठे ते बोट ठेवून सांगायचं, हसरा फोटो पुढे करायचा, की झाला उलगडा.

सुभेदार ड्यूटीवर होते. भागुबाईनं आदरानं बसवलं, चहा केला. विलासही घरीच होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि समोर बसला. कसं बोलावं हे शेषरावांना कळेना, म्हणून त्यांनी सरळ पाकीटच उघडलं. खोकण्याचा फोटो वर ठेवला, हसरा त्याच्या बाजूला, आणि आपल्या पद्धतीचं सगळं पुराण सुरू केलं. चौकटी कशा पाडतो, घोडेस्वाराला भिंतीवर कसा बसवतो, पोरीला अंगणात कसं पळवलं.

भागुबाईनं खोकणारा फोटो उचलला आणि उजेडाकडे नेऊन पाहिला. चित्रात तरी रंग होते, गालांवर थोडी लाली होती. फोटो काळापांढरा. त्यात काजळ काजळासारखं दिसत नव्हतं, खोल गेलेल्या डोळ्यांसारखं दिसत होतं. पीठ लावलेले ओठ महिनाभर अंथरुणावर पडलेल्या माणसाचे वाटत होते. इतकं बेमालूम काम शेषरावांनी कधी केलं नव्हतं.

"हे तं विभाच हाये," ती हळूच म्हणाली.

"विभाच हाये ना, ताई. तेच तं सांगून राह्यलो मी. पन सारं सोंग हाये."

"चित्र काय, कोनीबी कसंबी काढते भाऊ. पन फोटू खोटा असते काय?"

शेषराव परत काजळापासून सुरू झाले. तोवर विलास उठला होता. त्यानं एकदा त्या फोटोकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि आतल्या खोलीत गेला. भागुबाईनं फोटो नीट पाकिटात घालून परत दिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते त्या घटकेला शेषरावांच्या ध्यानात आलं नाही. सायकल हाणत परत येताना त्यांना वाटत होतं, आपण सांगायचं ते सांगितलं, आता समजूतदार माणसं आहेत, समजतील.

आठवड्यात निरोप आला. पत्रिका वगैरे त्यांच्या समाजात बघत नाहीत, म्हणून तेही निमित्त नव्हतं. 'सध्या मुलाचं लग्न करायचं नाही,' एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात विलासचं लग्न बुलढाण्याकडच्या मुलीशी झालं.

त्यानंतरचे शेषराव वेगळेच. अंगणातली रविवारची जत्रा बंद झाली. माणसांचे फोटो काढायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं आणि पाळलं. कपाटाच्या आरशासमोर स्वतःच उभे राहत आणि स्वतःवरून चित्र काढत. मग काय होणार? राजा शेषराव, डाकू शेषराव, राणीचे खांदेसुद्धा शेषराव. प्रकाशकानं कुरकुर केली आणि हळूहळू काम दुसऱ्याकडे गेलं. पाट्या रंगवायला ते पूर्वीसारखेच जात. कुठल्यातरी स्टेशनच्या भिंतीवर ती मुलगी दिसली, की तिच्याकडे पाठ करून शिडी लावत. चित्र उतरून, फाटून, पावसात पांढरं पडून जायला फार वर्षं लागली.

विभाला मग स्थळं आली नाहीत असं नाही. आली, तिनं मोडली. भीमाबाईनं, तिच्या आईनं, रडून पाहिलं, उत्तमरावांनी बोलणं टाकून पाहिलं. ती कॉलनीच्या बालवाडीत शिकवू लागली आणि तिथंच रमल्यासारखी दिसू लागली. दोन घरांचं येणंजाणं मात्र तुटलं नाही. उत्तमराव एका शब्दानं कधी शेषरावांना लागेल असं बोलले नाहीत. उलट शेषरावच विषय काढत. चित्र काढलं ही चूक झाली, नाक बदललं नाही ही घोडचूक झाली, सगळं कबूल करत, आणि शेवटी न चुकता म्हणत, "पन मी गेलो होतो. सारे फोटू घेऊन गेलो होतो. त्याईनंच आयकलं नाई." तेवढंच एक वाक्य त्यांच्या पदरी उरलं होतं. रात्री झोप लागायला ते पुरत असे.

अठ्ठ्याऐंशी साली उत्तमराव निवृत्त झाले आणि बिऱ्हाड अकोल्याला हलवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी शेषराव भेटायला गेले. घरात नुसती खोकी. उत्तमराव वॅगनची चौकशी करायला स्टेशनात गेले होते, भीमाबाई कलावतीकडे बसली होती. विभा जमिनीवर बसून कपबशा जुन्या कागदात गुंडाळत होती. शेषराव एका ट्रंकेवर टेकले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून तेच बोलले.

"माया हातून लय वाईट झालं, विभा. नाक बदलाले पायजे होतं. पन मी गेलो होतो बेटा त्याइच्याकडं..."

"काका," विभा म्हणाली, "ते परत नका ना बोलू."

तिनं हातातला कप खाली ठेवला.

"विलास मला विचारायला आले होते. मतलब, तुम्ही गेलात त्याच्या एक दिवस आधी. कॉलनीच्या गेटवर. ते बोलले, आईनं चौमूंला असं असं चित्र पाहिलं. मी बोलली, ती मी नाही. माझ्यासारखी कोणी असेल."

विभानं आणखी एक बशी कागदात गुंडाळली.

"मला काय वाटलं, फोटो काढून घेते, नट्यांसारखी पोझ देते, असं त्यांच्या आईला आवडणार नाही. म्हणून झूठ बोलली. आणि त्यांनी मानलं पण. हसले. आईला जाऊन सांगितलं, ती विभा नाही. आईनं पण मानलं. रविवारी तारीख पक्की करायला येणार होते."

बाहेर कोणीतरी हातगाडी ओढत गेलं.

"मग तुम्ही गेलात. फोटो घेऊन." तिचा आवाज रागाचा नव्हता. इतकी वर्षं राग टिकत नाही. "बीमारीसाठी नाही तोडलं त्यांनी. ते एकदा भेटले होते मला, शेवटचे. बोलले, तू माझ्याशी पहिलीच बात झूठ बोललीस."

"मले... मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

"माझ्या आईनं बोलू नाही दिलं. बोलली, काका आपल्यासाठी गेले होते, चांगल्या मनानं गेले होते. त्यांना कळलं तर ते मरून जातील. मी पण नसती बोलली. पण तुम्ही प्रत्येक वेळी तेच सांगता, मी गेलो होतो, मी गेलो होतो. मला नाही ऐकवत, काका."

पाच वर्षं शेषराव नको त्या गोष्टीसाठी झुरले होते. चित्रानं काही बिघडलं नव्हतं. चित्र तिनं एका वाक्यात पुसून टाकलं होतं. ज्या एका सायकलफेरीसाठी त्यांनी स्वतःला थोडंसं माफ केलं होतं, त्या फेरीनंच तिचं लग्न मोडलं होतं, आणि हे त्यांच्याखेरीज या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या ताटात वाढताना भीमाबाईला ठाऊक होतं. त्यांना चहा विचारताना विभाला ठाऊक होतं.

ते उठले. विभानं हात पुसले, पदर सावरला आणि रीतीप्रमाणे वाकून त्यांच्या पाया पडली. एरवी पाया पडणाऱ्या लेकीबाळींना ते 'सुखी राहा' म्हणत. त्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला, तोंड उघडलं, पण तो शब्द काही त्यांना म्हणवला नाही.

"कपबशा चांगल्या बांधजो," ते म्हणाले, आणि घरी आले.