तबकातला हात

इक्बालचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात नारळाच्या दुधाने माखलेले होते. मुलीने फोन माझ्या कानाशी धरला. "आपा," तो म्हणाला, "आत्ता घरून कळलं. अब्बा जेवले, हात धुतला, खुर्चीत बसले आणि... खलास." पलीकडे त्याच्या शारजातल्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापण्याचं मशीन चालू होतं. कोणीतरी ते बंद केलं, आणि मग जी शांतता पसरली ती मला दातांना लागली. हुसेनमामू, माझ्या आईचे धाकटे भाऊ, गेले होते. जेवून गेले, हे ऐकून मला विचित्र समाधान वाटलं. ताट अर्धं टाकून उठणाऱ्यांतले ते नव्हतेच.

त्या संध्याकाळी पुरुष कबरस्तानातून परतले आणि इक्बालच्या फ्लॅटमध्ये गालिच्यावर टेकले. अत्तर, घाम आणि ओल्या मातीचा वास खोलीत दाटला होता. माझा धाकटा भाऊ रशीद उशीला रेलत म्हणाला, "मामूंचा हात सोन्याचा होता. हट्ट नडला. एक दुपार जरा वाकले असते, तर आज दुबईत, देऱ्यात त्यांच्या नावाची बिल्डिंग उभी असती." इक्बालच्या मुलाने मान वर केली. "सो दादा वॉज ऑलमोस्ट रिच?" काही जण हळूच हसले. मयताच्या घरी वाद घालू नये, असं आमच्याकडे मानतात. आता चाळीस दिवस होऊन गेले आहेत. आता घालते.

साठ ते सत्तरच्या दरम्यानची ही गोष्ट. लग्न करून मी मुंबईहून बोटीने दुबईला आले तेव्हा बोट किनाऱ्याला लागतच नसे. दूर समुद्रात नांगर पडे आणि माणसं, पेट्या, कोंबड्या सगळं एकाच होडीत उतरवलं जाई. दुबई म्हणजे तेव्हा एक खाडी आणि तिच्या दोन्ही काठांना बिलगलेली घरं. गाढवांवरून गोडं पाणी येई, आणि ते घोटाघोटाने प्यावं लागे. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातही खाडी होती, पण ती हिरवी, खाजणाच्या वासाची. ही खाडी निळी, कोरडी... जणू पाण्यालाही तहान लागली होती. तिच्या काठी, खजुरीच्या झावळ्यांच्या छपराखाली, मामूंची खानावळ होती. माझा नवरा महमूद एका पेढीवर कारकून होता आणि आम्ही खानावळीमागच्या खोलीत राहत असू. मामूंबरोबर मी मसाला वाटे. मला कवितांचं वेड होतं. चुलीजवळही पुस्तक उघडं असे. मामू म्हणत, "वाच गो बाय, पण कांदा चिरताना वाच. दोन्हीचं रडणं एकदमच होऊन जाईल."

मामी आणि इक्बाल तेव्हा गावीच होते. दगडी घर बांधल्याशिवाय त्यांना इथल्या उन्हात आणायचं नाही, असं मामूंनी ठरवलं होतं. इक्बालला त्यांनी नीट पाहिलंही नव्हतं. वाळूत काठीने ते घराचा नकाशा काढत. इथे चूल, इथे मामीचा पलंग, इथे पोराला पळायला अंगण... आणि भरदुपारचा वारा तो नकाशा पुसून टाकी.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर खानावळीत सुटी ताटं मिळत नसत. त्या दिवशी तबकं मांडली जात. तबक म्हणजे तांब्याचं भलं मोठं थाळं, आतून कल्हईने चांदण्यासारखं उजळलेलं. मधोमध भाताचा डोंगर, त्यावर माशाचं कालवण, आणि भोवती चार माणसं. आमच्याकडे लग्नात, मयतात, ईदला असंच जेवतात. त्याचा एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही, पण शेंबडं पोरही तो मोडत नाही. तबकावरचा शेवटचा माणूस जेवत असेपर्यंत कोणी हात काढायचा नाही. पोट भरलं असलं तरी शितं चिवडत बसायचं. सावकाश जेवणाऱ्याला आपण एकटे उरलो असं वाटता कामा नये. मधेच उठून जाणं म्हणजे नातं तोडणं.

मामू पूर्वी बोटीवर भंडारी होते. बोटीच्या स्वयंपाक्याला आमच्याकडे भंडारी म्हणतात. कोळंबी सोलता सोलता ते मला अमेरिकेची गोष्ट सांगत, तुकड्यातुकड्याने, जणू तीही सोलावी लागत होती. दक्षिणेकडच्या एका बंदरात त्यांची बोट दुरुस्तीला थांबली होती. धक्क्यावर माल उतरवणारा एक काळा हमाल होता, एलायजा. मामू त्याला इलियास म्हणत, कारण एलायजा म्हणजे आपलेच पैगंबर इलियास. एके सकाळी गोऱ्या मुकादमाने इलियासच्या खांद्यावर लोखंडी आकडा मारला. दुसऱ्यांदा तो उगारला तेव्हा इलियासने त्याला ढकललं. मुकादम पडला, त्याचा पाय मोडला. मामूंनी हे सगळं भटारखान्याच्या दारातून पाहिलं होतं, म्हणून इलियासवरच्या खटल्यात सरकारी वकिलाने त्यांनाच साक्षीला बोलावलं.

"कोर्टात शिरलो तर दारावरचा शिपाईच गडबडला," मामू सांगत. "गोरे खाली बसतात, काळे वर सज्जात. मला कुठे घालावं ते त्याला कळेना. माझ्या तोंडाकडे बघतोय, हाताकडे बघतोय. मी म्हटलं, बाबा, माल तपासून झाला असेल तर सांग." लाकडाला केलेल्या पॉलिशचा वास, डोक्यावर रटाळ फिरणारा पंखा, आणि एका बाजूला बारा पंच, बाराही गोरे. बायबल पुढे आलं तेव्हा मामू म्हणाले, माझा ग्रंथ वेगळा आहे. न्यायाधीशाने हात वर करून शपथ घेऊ दिली. इतकं ठीक झालं. मग वकिलाने विचारलं, "आरोपीने त्या माणसाला ढकललं का? हो की नाही?"

"हो. पण त्याच्या आधी..."

"एवढं पुरे."

बचावाचा वकील सरकारनेच दिलेला होता. तो अर्धवट उठला, प्रश्न नाहीत म्हणाला आणि बसला. न्यायाधीशाने मामूंना खाली उतरायला सांगितलं. मामू उतरले नाहीत. त्यांच्या बंदरी इंग्रजीत ते म्हणाले, "साहेब, अर्धं सांगितलं. अर्धं पोटात आहे. ते घेऊन मी जाणार नाही." हातोडा आपटला. जे विचारलं त्याचंच उत्तर द्यायचं, अशी समज मिळाली. मामूंनी तरीही आकडा, खांदा, रक्त, जेवढं इंग्रजी होतं तेवढ्यात बोलून टाकलं, आणि पंचांना ते कानाआड करण्याचा हुकूम झाला. दोन पोलिसांनी त्यांना बखोट धरून खाली आणलं. शिपायाने आता मोकळी खुर्ची दाखवली, खाली, गोऱ्यांत. मामू तिच्याकडे न पाहता जिना चढून सज्जात गेले. एका म्हातारीने सरकून जागा दिली. बारा पंच आत गेले आणि चहा निवायच्या आत परत आले. दोषी.

"बारा माणसं एका ताटावर बसली होती गो," मामू म्हणत, "आणि एकानेही हात तबकात ठेवला नाही. सगळे एकदम उठले." पुढच्या बंदरात कप्तानाने त्यांना कामावरून काढलं. कोर्टात तमाशा करणारा भंडारी त्याला नको होता. अशा रीतीने मामू दुबईला आले.

मग तेल शोधणारी अमेरिकन माणसं आली. वाळूत भोकं पाडणाऱ्या एका कंपनीचा फोरमन शुक्रवारी आपली टोळी घेऊन खानावळीत येऊ लागला. त्याला मामूंचं कालवण आवडे. हळूहळू ठरत आलं की कंपनीच्या तळावरचं रोजचं जेवण मामूंनी पुरवायचं. करार झाला की दगडी घर होणार होतं. वाळूतला नकाशा आता रोज निघू लागला. महमूदने तर गावी सांगावाही धाडला होता की मामीने तयारीला लागावं.

त्या उन्हाळ्यात टोळीत एक नवा वेल्डर आला. वॉल्टर. काळा, उंच, बोलण्याआधी क्षणभर थांबणारा. शुक्रवारी सगळे जीपमधून उतरले तेव्हा फोरमनने मामूंना बाजूला घेतलं. मी आतल्या गोणपाटाच्या पडद्यामागे होते, हातात भाताचा झारा. त्याचा आवाज गोड होता. "याला आत, पडद्यामागे बसव. ताट तिकडेच दे. तुम्ही हिंदुस्थानी लोक, तुम्हाला या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत."

वॉल्टरने ते ऐकलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "घरी आता कायदा झालाय, सर. खानावळीत रंग बघून बसवता येत नाही."

"कायदा तिकडे. ही अमेरिका नाही."

"बरोबर," मामू म्हणाले. "ही माझी खानावळ आहे."

त्यांनी मधलं तबक मांडलं. एका बाजूला स्वतः बसले, समोर वॉल्टरला बसवलं, तिसऱ्या बाजूला महमूदला. चौथ्या जागेवर हात थापटून फोरमनला म्हणाले, "बसा साहेब. चौथी जागा तुमची." तो बसला नाही. म्हणाला, याचं जेवण होईपर्यंत मी जीपमध्ये थांबतो, नंतर आपण बोलू, आणि तुझं उत्तर बदललं नाही तर करार विसर. महमूद मराठीत पुटपुटला, "मामू, एक दिवस पडदा लावला तर काय बिघडतं? मामी येतेय."

"जेव," मामू म्हणाले.

वॉल्टरने चार घास खाल्ले आणि हात मागे घेतला. त्याला परिस्थिती कळली होती. आपल्यामुळे या माणसाचं नुकसान नको, असं तो म्हणाला आणि उठू लागला. मामूंनी त्याचं मनगट धरलं. "नो गो. माझा हात अजून आत आहे." मग त्यांनी त्याला आमचा कायदा सांगितला, आणि सांगून झाल्यावर एक तारली उचलली. ज्यांनी तारली खाल्ली आहे त्यांना ठाऊक आहे, त्या बोटभर माशात केसाएवढे काटे किती असतात. मामूंनी एकेक काटा वेगळा केला. एकेक चोखला. तबकाच्या काठावर रांगेने मांडला. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मामूंनी पाणी मागितलं. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. मामूंनी तारलीचं डोकं हातात घेतलं आणि वॉल्टरला म्हणाले, "आता सांग. घरी काय झालं, कायदा कसा झाला. सगळं सांग. इथे हो की नाही नसतं."

तो सांगू लागला. त्याची बहीण शहरातल्या एका दुकानात खाण्याच्या काउंटरशी जाऊन बसली होती, जिथे काळ्यांना वाढत नसत. डोक्यावर लोकांनी दूध ओतलं, साखर ओतली. ती दिवसभर बसून राहिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मामू ऐकत होते, काटा चोखत होते. "ती न जेवता बसली," अखेर ते म्हणाले, "मी जेवत बसतो. काम एकच." वॉल्टर हसला. मग तोही हात पुढे करून एकेक शीत उचलू लागला. बाहेर इंजिन सुरू झालं, वाळू उडाली, आणि बाकीच्या टोळीला घेऊन जीप निघून गेली. मामूंनी तारली पूर्ण संपवली. त्यानंतरच चौघांऐवजी तिघांचे हात तबकातून बाहेर आले.

करार गेला. मामूंनी वाळूत नकाशा काढणं थांबवलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मी लिहायलाच हवं. ताठ राहणाऱ्या माणसाची पाठ दुखत नाही असं कोणी समजू नये. मीही तेव्हा फार शहाणी होते असं नाही, पण तरुण होते. दुसऱ्या दिवशी मसाला वाटताना मी म्हटलं, "मामू, पडद्यामागे बसवणं एवढं वाईट असेल, तर मी रोज कुठे जेवते?" मामूंच्या हातातला वरवंटा थांबला. पुढच्या शुक्रवारी गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी एक तबक मांडलं, महमूदला हाक मारली, मला हाक मारली. "ये. आणि सावकाश जेव. घाईने जेवणाऱ्याला लोक उठवतात."

मामी आली ती तीन वर्षांनी. झावळ्यांच्याच घरात आली. होडीतून उतरली, इक्बालला खाली ठेवलं, छपराकडे पाहिलं, मग मामूंकडे. महमूदने तिला सगळं आधीच कळवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "एक तारली खायला तीन वर्षं लावलीत." मामू म्हणाले, "काटे फार होते." ती हसली नाही. पण त्या दिवशी चुलीचा ताबा तिने घेतला, आणि पुढे जन्मभर शुक्रवारी तारली तीच करी.

परवा चाळिसाव्याचं जेवण इक्बालकडे होतं. सकाळपासूनच टेबलावर कागदी ताटं रचली होती. खानावळीतलं ते तबक बैठकीच्या भिंतीवर शोभेला टांगलेलं असतं. त्याची कल्हई उडालेली, आणि हल्ली इथे कल्हईवाला मिळत नाही. मी इक्बालला ते खाली काढायला लावलं. तो दचकला, मग काढून वर्कशॉपला घेऊन गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने कथील वितळवून ते पुन्हा उजळलं. दुपारी भात वाढला. इक्बाल बसला, त्याचा मुलगा बसला, मी बसले, आणि चौथ्या जागेवर मी रशीदला बसवलं. वीस मिनिटांत त्याचं आटपलं. घड्याळ पाहत म्हणाला, "यल्ला, चल आपा, दुकानात माणूस वाट बघतोय."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तारलीचा एक काटा काढून तबकाच्या काठावर ठेवला. मग दुसरा. रशीदचा हात भातातून वर आला होता, बोटं हवेत थांबली होती. इक्बालच्या मुलाने त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आर वी नॉट डन?"

"नाही," मी म्हटलं, "मी अजून जेवतेय."

रशीदने एक शीत उचललं.