चौदाव्या पानावरचा खलाशी

आई गेली त्याच वर्षी बाबांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. स्टील प्लँटमधून रिटायर झालेले बाबा तेव्हा जुनवानी वस्तीतल्या आमच्या घरी राहायला आले होते. दुसरा डोळाही अधूच, त्यामुळे डॉक्टर म्हणाले, नवा चष्मा येईपर्यंत महिनाभर वाचायचं नाही. पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस. दोन दिवसांतच घरात येरझारा घालायला लागला.

माझी मुलगी नऊ वर्षांची होती. पावर हाउस भागातल्या बाजारातून आणलेलं एक हिंदी कॉमिक तिच्याकडे होतं, जुन्या अरबी गोष्टींवर बेतलेलं. सुरईत कोंडलेला जिन, तांब्याचं शहर शोधायला निघालेली एक मुलगी आणि तिचं जहाज हाकणारा म्हातारा खलाशी. शाळेतून आली की ती बाबांच्या खाटेवर चढून बसायची.

"आबाजी, सुनो, जिन निकला!"

"आपल्या बोलीत सांग ना माय. कसा दिसते तो?"

शाळा हिंदी, म्हणून तिचं मराठी जेवणा-आंघोळीपुरतंच. अडखळत म्हणाली, "निळा आहे. त्याले पायच नाही. धूर... धुरासारखा निघून राहिला."

"प्लँटातल्या कोक ओव्हन भट्टीच्या धुरासारखा?"

"त्याच्याहून मोठा!"

बाबांचा जीव जडला तो खलाशावर. रोज पहिला प्रश्न, "आपला म्हातारा कसा आहे?" कधी तो मासे भाजत असे, कधी मुलीला तारे ओळखायला शिकवत असे.

एकदा चादर झटकताना कॉमिक खाली पडलं, म्हणून मी चाळलं. चौदाव्या पानावर वादळ होतं आणि त्यात खलाशी बुडाला होता. पुढे मुलगी शेवटपर्यंत एकटीच.

लेकीला विचारलं तर ती दाराकडे बघत पुटपुटली, "आबाजीले नको सांगू. आजी के बाद... ते रडले असते."

मी तिची वेणी सोडून पुन्हा घातली.

चष्मा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा अंगणात खाट टाकून तेच कॉमिक वाचत होते. एक पान पुढे गेले, पुन्हा मागे आले आणि तिथेच थांबले.

"बाबा, ते तिनं..."

"मले माहीत होतं. वादळ आलं आन् पोरगी एकदम चूप झाली. मंग म्हणे, म्हाताऱ्याले पोहता येते. तवाच समजलो."

"मग बोलले कावून नाही?"

"एवढ्या मेहनतीनं वाचवला तिनं त्याले. मी कावून बुडवू?"

लेक शाळेतून आली, चष्मा पाहून दारातच थबकली. "अब आप खुद पढ़ोगे?"

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "अक्षरं लय बारीक आहेत. तूच सांग. कुठं पोचला म्हातारा?"

ती खाटेवर चढली. थोडा विचार केला. "घरी पोचला. त्याची म्हातारी दारात उभी आहे."

"काय म्हणते ती?"

"म्हणते, किती उशीर. हात धुवा, जेवून घ्या."

"बरं," बाबा म्हणाले, आणि खरंच उठून हात धुवायला गेले.