नुसत्या घंटागाड्या

आमच्याकडे रक्ताचा नमुना न्यायला येणारे भाऊ औंढ्याहून स्कूटरवर येतात, तेही सातच्या ठोक्याला. "रातीला काय खाल्लं?" असं विचारतात आणि उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत. चहा कधीच घेत नाहीत. "फुडच्या घरी मानूस उपाशी बसलंय, ताई."

गेल्या खेपेला मी खुशीत होते. आधीच्या रिपोर्टात चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, भरपूर आलं होतं, म्हणून वाईट कोलेस्टेरॉलवरची गोळी मी माझ्या मनानेच बंद केली होती. सुई काढून त्यांनी कापूस दाबायला दिला, तेवढ्यात त्यांची नजर फ्रिजवरच्या गोळ्यांच्या न फोडलेल्या पाकिटांवर गेली. मी कारण सांगितलं.

"एचडीएल म्हंजी घंटागाडी," ते म्हणाले. "गाड्या लय हायेत, पर कचरा भरायला अन् खाली करायला मानसं नकोत? ती मानसं म्हंजी एन्झाइम. ती सुस्तावली की गाड्या नुसत्या हुब्या. रिपोर्टात गाड्या मोजत्यात, काम न्हाई."

"बरं, उद्या डॉक्टरांना विचारते."

"उद्या न्हाई. आत्ता."

आणि एरवी उंबऱ्यातही न रेंगाळणारा हा माणूस खुर्ची ओढून बसला. मी फोन लावला. झोपेतून उठलेले डॉक्टर माझ्यावर चांगलेच ओरडले. "आजपासून पुन्हा सुरू करा," हे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावरच भाऊ उठले.

आता आले की ते आधी फ्रिजकडे बघतात, मग माझ्या हाताकडे.