बहिऱ्या मधूसाठी ॲम्प

किस्से जमवावे लागत नाहीत हो. गवतातून चालताना धोतराला कुसळं चिकटावीत, तसे ते चिकटतात. आपण आपल्या कामाने जातो आणि घरी येऊन बघतो तर चार-पाच लागलेले! घरात कुणी असलं तर त्याला सांगून मोकळं होता येतं. माझ्या घरी कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझी शाळा तिसरीपर्यंत. देवासच्या कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर काढली. कॉलनीच्या गणपतीत आमची पाच जणांची ऑर्केस्ट्रा पार्टी असायची. मी इलेक्ट्रिक गिटारवर, मधू ड्रमवर. पाचातले तिघे गेले. मधू रिटायर होऊन मुलाकडे धारला राहायला गेला. तो प्रेस शॉपचा माणूस. जन्मभर पत्रा ठोकण्यात त्याचे कान गेले, आधी थोडे, मग पूर्ण. फोनवर मी म्हणायचो, "मधू, मी वसंता." तो म्हणायचा, "कोण बोलतंय?" असं पाच-पाच मिनिटं चालायचं. शेवटी फोनही थांबले.

मला एकदा त्याच्यापुढे बसून गिटार वाजवायची होती, आणि ती त्याच्यापर्यंत पोचायला हवी होती. बस, एवढंच. गिटारचा आवाज मोठा करणारा जुना ॲम्प कधीच भंगारात गेलेला. म्हणून पेन्शनीत बसेल आणि दोन बस बदलून नेता येईल असा ॲम्प शोधायला मी संजू भियाच्या वाद्यांच्या दुकानात जाऊ लागलो. दीड महिना जात होतो!

*

पहिल्या दिवशी संजू भियाने एक लहानशी पेटी काउंटरवर ठेवली. "काका, ये मॉडलिंग एम्प है. इसमें तीस एम्प हैं!"

मी पेटी उलटीसुलटी करून बघितली. मागे एक वायर, पुढे एक स्पीकर. म्हटलं, "भिया, बाकीचे एकोणतीस कुठे बसलेत?"

तो हसला. त्याने बटण फिरवून दाखवलं. एकच पेटी, पण कधी गोड आवाज, कधी खरखरीत, कधी विहिरीतून आल्यासारखा. मोठ्या-मोठ्या ॲम्पांची नक्कल करते म्हणे. म्हणजे आपला बहुरूपीच की!

"आप किस टाइप का बजाते हो, काका? रॉक, ब्लूज़, मेटल?"

"गणपतीतलं."

संजू भियाने बटण एक पूर्ण फेरी फिरवलं. मग गंभीर होऊन म्हणाला, "वो वाला इसमें नहीं है."

*

दुकानात येणारी सगळी तरुण मंडळी ॲम्पसमोर कान नेऊन बसायची. मी तार छेडायचो आणि पेटीवर तळहात ठेवायचो. संजू भियाने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "काका, बुखार देख रहे हो क्या?"

मग त्याला समजावलं. कारखान्यात एवढा गोंगाट की कानाचा काही उपयोग नाही. मशीन बरी आहे की बेअरिंग गेलंय, ते आम्ही तिच्यावर हात ठेवून ओळखायचो. मधूलाही ती सवय. आता त्याचे कान नाहीत, पण हात आहेत ना!

मग संजू भिया स्वतः एकेका ॲम्पवर हात ठेवून बघू लागला. तळहाताएवढे जे ॲम्प असतात ते नुसते गुदगुल्या करायचे. मोठे छान घुमायचे, पण उचलताना माझी कंबर धरायची. शेवटी आठ इंची स्पीकरचा एक निघाला. हातात पोचतो आणि हाताने उचलवतोही.

त्या दिवसानंतर कुणी गिऱ्हाईक आलं की संजू भिया म्हणायचा, "सुनना बाद में, भिया. पहले हाथ रख के देखो!"

*

या ॲम्पना मोबाइल जोडता येतो. माझा मोबाइल बटणांचा, त्यामुळे संजू भिया आपला जोडून दाखवत होता. तेवढ्यात त्याच्या बायकोचा मेसेज आला. त्याचं बोट लागलं आणि सगळ्या दुकानात तिचा आवाज घुमला, "सुनो, आते टाइम हरा धनिया ले आना, और पिछली बार जैसा सड़ा हुआ मत लाना!"

गिऱ्हाइकं पोट धरून हसली. संजू भिया लाल झाला.

मी म्हटलं, "भिया, जरा परत लाव ना."

"क्यों काका? आवाज़ साफ़ नहीं आई?"

"साफ आला. पण मला काही आणायला सांगितल्याला बरीच वर्षं झाली."

त्याने परत लावला. जाताना मी कोथिंबिरीची एक जुडी घेतली. घरी जाऊन तिचं काय करायचं ते काही सुचलं नाही!

*

मग संजू भिया म्हणाला, चार दिवस घरी नेऊन वाजवून बघा. सोबत हेडफोनही दिला. याच्याने आवाज फक्त तुमच्या कानात, शेजाऱ्यांना त्रास नाही.

माझ्या खालच्या मजल्यावर पाटीलवहिनी राहतात. माझं वाजवणं सुरू झालं की त्या धाडकन दार लावायच्या. म्हटलं, चला, त्यांनाही आराम. दुपारी हेडफोन लावून निवांत बसायचो.

तिसऱ्या दिवशी दार जोरजोरात वाजलं. वहिनी धापा टाकत उभ्या. मला नखशिखांत बघितलं आणि जिन्यातच खाली बसल्या.

"काका, ठीक आहात ना? तीन दिवस झाले, कुछ आवाजच नाही!"

"वहिनी, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"त्रास होऊ द्या!" त्या म्हणाल्या. "आवाज करत जा हो काका. गिटार नाही तर एखादं भांडं तरी पाडत जा!"

*

ॲम्प घेतला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. कारखान्यात दसऱ्याला लेथ धुऊन-पुसून तिला कुंकू लावायचं, हार घालायचा आणि दिवसभर तिला काम सांगायचं नाही, ही आमची रीत. मी ॲम्पचीही तशीच पूजा केली. कुंकू तेलात कालवून जरा सढळ हाताने लावलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर आवाज बदलायचं बटण फिरेना! कुंकू आत उतरून घट्ट बसलेलं.

तसाच दुकानात घेऊन गेलो. संजू भियाने बटण फिरवायचा प्रयत्न केला, वास घेतला, डोक्याला हात लावला. "काका, तीस में से उनतीस की छुट्टी कर दी आपने!"

"उरलाय तो कुठला?"

त्याने तार छेडली. साधा आवाज, कसलाही नखरा नाही. मी हात ठेवून बघितलं. चांगला भरून येत होता.

"रुको, स्पिरिट से साफ़ कर देता हूँ."

"राहू दे भिया. मला एकच हवा होता."

*

देवासहून इंदूर, इंदूरहून धार. ॲम्प मांडीवर, गिटार पायाशी. मधूचा मुलगा पीथमपूरच्या बसने ड्यूटीवर गेलेला. सूनबाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, "काका, बाबा आजकल कुणाशी काही बोलतच नाहीत. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मधू खिडकीशी खुर्चीत बसला होता. माझ्याकडे बघितलं, मान हलवली, परत खिडकीबाहेर बघू लागला. ओळखलं की नाही, कळलं नाही.

मी स्टुलावर ॲम्प ठेवला, त्याच्या गुडघ्यापाशी. त्याचा हात उचलून पेटीवर ठेवला. हात थंड होता. मग पडदा वर जायच्या आधी आम्ही पाच जण जी धून वाजवायचो, ती सुरू केली. बोटं चालत नव्हती, तरी वाजवत गेलो. मधूचा हात तसाच, टेबलावर विसरलेल्या रुमालासारखा. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. मला वाटलं, नाही पोचत. उगाच आलो. अंतरा घेतला तो आता कधी एकदा संपतोय म्हणून.

तेवढ्यात मधूने पेटीवर फाडकन थाप मारली. मी थांबलो. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

बहिरा माणूस बोलतो तशा मोठ्ठ्या आवाजात मधू ओरडला, "पळतोयस, वसंता! अंतरा आला की पळतोस! चल, परत घे. पहिल्यापासून!"