खोब्रागडे बाई आणि बाकीच्यांचे डबे

खोब्रागडे बाईंनी अख्ख्या नोकरीत स्वतःचा डबा स्वतः खाल्ल्याचं कोणी पाहिलेलं नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की त्या आपला डबा टेबलाच्या मधोमध सरकवायच्या आणि हाताला येईल तो दुसऱ्याचा उघडायच्या. विचारायची पद्धत नव्हती. चामोर्शीजवळच्या त्या शाळेत मी साताऱ्याकडून नवाच रुजू झालो होतो. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात बसून, झाकणाची आडोशाला भिंत करून, खानावळीची भाजी खात होतो. बाई मागून आल्या, माझा डबा उचलला, वास घेतला आणि टेबलावर सगळ्यांसमोर ठेवला.

"आपला डबा आपणच खाणं म्हणजे आपलाच फोटो पाहून खुश होणं," त्या म्हणाल्या. "इकडे बस, सातारा."

त्या दिवसापासून माझं नाव सातारा पडलं. नाव बदलून घ्यायला राजपत्रात जाहिरात द्यावी लागते म्हणतात; बाईंना लागत नसे.

बाई गणित शिकवायच्या आणि जेवणाच्या टेबलावर मात्र कुठलाच हिशेब पाळायच्या नाहीत. तिथे मंडल सर होते, बंगाली वस्तीतले. त्यांच्या डब्यात मोहरी वाटून केलेला मासा असायचा आणि त्याचा झणका नाकातून थेट मेंदूत जायचा. सिरोंच्याकडचे, घरी तेलुगू बोलणारे गट्टू सर गोंगुरा आणायचे. ती आमचीच अंबाडी आहे असं बाई म्हणायच्या, गट्टू सर नाही म्हणायचे, आणि हा वाद चालू असताना भाजी तिसराच कोणीतरी संपवायचा. मडावी सरांच्या घरून उन्हाळ्यात मोहफुलांचे लाडू यायचे. मुख्याध्यापकांनी पहिल्यांदा तो लाडू दोन बोटांनी लांब धरून, याने चढत तर नाही ना, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "चढते ना सर, पण तुम्हाले खुर्चीची चढली आहे, तिच्यावर हे काय करते?" मुख्याध्यापकांनी दोन लाडू खाल्ले.

मी भाताला नावं ठेवायचो. तिकडे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. भाकरीशिवाय माणूस जगतो कसा, असं मी एकदा मोठ्याने म्हणालो. बाईंनी त्यांच्या डब्यातली लाखोळीची डाळ माझ्यापुढे ढकलली. म्हणाल्या, "खाऊन नाव ठेव. न खाता नाव ठेवते त्याले आमच्याकडे साहेब म्हणतात." मी खाल्लं. मग नाव ठेवायला काही उरलं नाही, डाळही उरली नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात मला मलेरिया झाला. खोलीवर एकटा पडलो होतो. आठ दिवस बाईंचा डबा येत राहिला. मंडल सर माझ्याच गल्लीत राहायचे, ते घरी जाता जाता आणून द्यायचे. आधी मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण, मग ताप उतरल्यावर हळूहळू खरं जेवण. मी बरा झालो तो त्या डब्यांवर, गोळ्यांचं श्रेय मी कमीच धरतो.

तेवढ्यात कुणीतरी गावाकडे कळवलं आणि आई दोन गाड्या बदलून येऊन थडकली. त्याच संध्याकाळी मंडल सर डबा देऊन गेले. वांगी घातलेली सुक्या झिंग्यांची भाजी होती. आई प्रवासाने भुकेजलेली होती. तिने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि विचारलं, "कुणी केलंय रं हे?"

मी म्हणालो, शाळेतल्या देशमुख बाईंनी.

आमच्या शाळेत देशमुख बाई नावाचं कोणी नव्हतं. ते नाव तोंडातून इतकं सहज निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाई बौद्ध आहेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्याने मला काडीचा फरक पडत नाही, असं मी स्वतःला वर्षभर ऐकवत आलो होतो. आईने बोटं चाटली, देशमुख बाईंचं कौतुक केलं आणि डबा घासायला घेतला. मी निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत हजर झालो. मधली सुट्टी झाली, डबे मधोमध आले, आणि दारात आई उभी. डोक्यावरून पदर, हातात बाईंचा डबा. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे मी पार विसरलो होतो. ती म्हणाली, "खोब्रागडे बाई आपल्यात कोण हायत?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. बाई उठल्या, म्हणाल्या, मीच. आई म्हणाली, "पोरगं म्हणालं देशमुख बाईंचा डबा. घासताना बघितलं तर बुडाला खोब्रागडे कोरलंय. म्हटलं, ज्यांचं त्यांनाच नेऊन द्यावं."

तिने हे सगळ्यांसमोर, अगदी सरळ आवाजात सांगितलं. आईला सगळं कळलं होतं. मला घरी जाब न विचारता ती पीठ मळायला बसली होती आणि आता मला भर वर्गात उभं केल्यासारखं उभं केलं होतं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी आईला हाताला धरून शेजारी बसवलं आणि डबा उघडला. आत भाकरी आणि खर्डा. दोघी एकाच डब्यातून जेवल्या. आमचा खर्डा चांगलाच जहाल असतो. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, तेव्हा आई घाबरली. बाई म्हणाल्या, "मिरचीचं आहे, ताई. गैरसमज नोका करू."

त्यानंतर आठवडाभर माझ्या डब्याला कोणी हात लावला नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण बाई उघडत नाहीत म्हणजे बाकीचे कसे उघडणार? मी रोज डबा मधोमध ठेवायचो आणि रोज आपलाच डबा आपण खायचो. खरं सांगतो, मलेरियात एवढं एकटं वाटलं नव्हतं. शेवटी शाळा सुटल्यावर मी बाईंना गाठलं. आईला वाईट वाटू नये म्हणून बोललो, असं उत्तर मी पाठ करून गेलो होतो. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं.

"आईले वाईट नाई वाटलं, बाबू," त्या म्हणाल्या. "तुले वाटून राह्यलं होतं. माझा भात तुझ्या पोटात चालला, माझं नाव तुझ्या तोंडात नाई चाललं."

मी रडलो. बाईंनी सायकलची किल्ली काढली आणि म्हणाल्या, रडायचं असेल तर घरी रड, इथं पोरं पाहतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा डबा उघडला, भाजी चाखली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. मीठ बरोबर होतं.

बाई जाऊन आता दीड वर्ष झालं. शोकसभेत मुख्याध्यापक त्यांच्या गणितावर पंधरा मिनिटं बोलले. मला मात्र माझ्या लग्नाची आठवण येत होती.

लग्नाला बाई दोन रात्री रेल्वेत काढून आमच्या गावी आल्या होत्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आईनेच आग्रह करकरून, त्यांना चुलीपाशी बसवलं. त्यांनी तीच वांगी-झिंग्यांची भाजी केली. पंगत बसली. आमचे थोरले काका गावात मानाचे. त्यांनी अर्धं ताट संपवलं आणि चव कशाची आहे, कोणाच्या हातची आहे, असं मला विचारलं. पंगतीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की आमच्या शाळेतल्या खोब्रागडे बाईंच्या हातची आहे. नाव पूर्ण घेतलं.

काकांचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबला. शेजारच्या दोघांचेही थांबले. समोर वाढप्यांच्या रांगेत बाई भाताची परात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काकांचा थांबलेला हात नीट पाहून घेतला.

"गरम लागून राह्यलं काय, काकाजी?" त्या म्हणाल्या. "फुकून खा."

भाजी केव्हाचीच गार झाली होती. काकांनी घासावर फुंकर मारली आणि खाल्ला.