डॉक्टरीणबाईंचा डबा

आईची बोटं तव्यावर भाजली आणि ते तिला वासावरून कळलं. नशिराबादला, माहेरच्या स्वयंपाकघरात ती भाकरी उलटत होती आणि मी दारात उभी राहून गप्पा मारत होते. मधेच ती म्हणाली, "काही जळतंय का गं?" जळत होती तिचीच बोटं. साखरेने आधी तिच्या पावलांतली जाणीव खाल्ली होती, आता बोटांतली. ती आपली हसली. मी तिचा हात नळाखाली धरला. मला हसू आलं नाही.

कारण त्याच आठवड्यात माझाही रिपोर्ट आला होता. साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, "दिवाळीपर्यंत खाणंपिणं सुधारून बघा, नाहीतर गोळ्या सुरू करू." गोळ्यांची मला भीती नव्हती, भीती बोटांची होती. मी गुरांची डॉक्टर आहे. राहते धुळ्याला आणि नोकरी साक्री तालुक्यातल्या एका दवाखान्यात. अडलेल्या गाईच्या पोटात हात घातला की डोळ्यांचा काही उपयोग नसतो. पाय पुढचा की मागचा, मान कुठे वळली आहे, वासरू जिवंत आहे की नाही, सगळं बोटांनी बघायचं. माझी बोटं गेली तर दवाखान्यात उरेल ती नुसती सह्या करणारी बाई.

तोवर माझं खाणं म्हणजे जे हाताला लागेल ते. सकाळी चहा-टोस्ट, स्टँडवर कचोरी, स्कूटीच्या डिकीत बिस्किटांचा पुडा, आणि दुपारी जेवायला वेळ मिळालाच तर ढाब्यावरची तेलात पोहणारी शेवभाजी. गावोगाव मात्र मी ठणकावून सांगत फिरायची, "गाईला नुसती सरकीची ढेप चारू नका, हिरवा चारा द्या." नवऱ्याने एकदा डिकी उघडली आणि म्हणाला, "गाईला हिरवा चारा आणि डॉक्टरला क्रीमचं बिस्किट! लोका सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं मी त्याला बोलू दिलं नाही. पण लागलं ते लागलंच.

मग मी ठरवलं. आणि मी एकदा ठरवलं की घरातली भांडीसुद्धा दबकून वागतात. शेवेचा डबा, फरसाण, टोस्ट, सगळं कामवाल्या मावशींना देणार होते, पण म्हटलं त्यांनी काय घोडं मारलंय? शेवटी ते नवऱ्यानेच संपवलं, तक्रार न करता. आईला फोन करून कळण्याचं पीठ कसं दळायचं ते विचारून घेतलं. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलं की झालं. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, रात्रीच भिजवलेली मटकी फोडणीला टाकायची, एक कांदा, एक काकडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे. बाहेर पडायची घाई कितीही असो, डबा भरल्याशिवाय स्कूटीला किल्ली लावायची नाही. सुरुवातीला भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे व्हायचे. मी तुकडे खाल्ले. तुकडा काय आणि अख्खी काय, पोटात गेल्यावर सारखीच.

डबा जमला. अडचण झाली चहाची.

आमच्याकडे गुराला इंजेक्शन दिलं, हात धुतले, की चहा आलाच. डोंगराकडच्या पाड्यांवर तर कोरा चहा, पाकासारखा गोड, आणि सोबत दुकानातून मुद्दाम आणलेली बिस्किटं. दिवसाला अशी किती घरं होतात! त्या चहात माझी दिवाळी बुडणार हे दिसत होतं. म्हणून मी सरळ नको म्हणायला लागले. हसून, हात जोडून, पण नको. आणि भूक लागली की तिथेच अंगणातल्या झाडाखाली बसून माझा डबा उघडायची, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायची. वेळ वाचायचा, पथ्य पाळलं जायचं. मला तर स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

डोंगरातला एक पाडा होता, दहा-बारा घरांचा. तिथून आठवड्यातून एखादा तरी निरोप यायचा. तो यायचा थांबला. मला वाटलं, चला, गुरं धडधाकट आहेत. मग आमच्या दवाखान्यातले मलमपट्टी करणारे ड्रेसर भाऊ एक दिवस मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, रागवू नका. पाड्यावरची लोकं म्हणतात, डॉक्टरीणबाई आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. आमच्याच दारात बसून आपलं घरचं खातात."

मी रागावलेच. म्हटलं, "अहो, मला साखर आहे!"

"ते तुम्हाला माहीत," भाऊ म्हणाले. "त्यांनी आजवर जी माणसं पाहिली, आपलं पाणी आपल्यासोबत आणणारी, त्यांना काही साखर नव्हती."

शरमेने कान तापले. पण खरं सांगते, शरमेसोबत हट्टही तेवढाच होता. चहा मी पिणार नव्हते. लोकांना दुखवायचंही नव्हतं. दोन्ही कसं साधायचं ते मात्र सुचत नव्हतं.

मग त्याच पाड्यावरून निरोप आला. गाय सकाळपासून अडली होती. त्यांनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं आणि शेवटचा उपाय म्हणून मला बोलावलं होतं. गोठ्याजवळ गेले तर घरची म्हातारी अक्का बाजूला झाली. राम राम नाही, काही नाही. एरवी हीच बाई मला रस्त्यापर्यंत सोडायला यायची.

मी कोपरापर्यंत हात धुतले आणि गाईमागे गुडघ्यांवर बसले. दोन्ही पुढचे पाय लागले, डोकं लागेना. मान मागे वळली होती. हात खांद्यापर्यंत आत, गाय कळ देते आणि हाताचा चुरा होतो. चाचपत गेले. कान लागला, मग डोळ्याची खोबण, मग ओठ. तोंडात बोट घातलं आणि वाट पाहिली. वासराने जीभ हलवली. अगदी जराशी, पण माझ्या बोटाला ती कळली. मी ओरडलेच, "जिवंत आहे!" पायांना दोरी लावली, मान हळूहळू वळती केली, घरच्यांनी ओढलं, आणि कालवड चिखलात येऊन पडली. गाय तिला चाटायला लागली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून माझ्याही पोटात काही नाही.

अक्काने हातावर गरम पाणी घातलं. चहाचं विचारलं नाही. विचारून पुन्हा नकार कोण ऐकून घेईल? माझा डबा स्कूटीला लटकत होता. तो मी काढला नाही. पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, भुकेनेच बोलले.

"अक्का, भाकरी आहे का घरात? भूक लागलीय."

अक्काने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "नागलीनी शे. सकायनी शे, शिळी."

"नाचणीची ना? चालेल. चहाचं मला पथ्य आहे, साखरेचा आजार लागतोय. भाकरीचं पथ्य नाही."

"असं शे का!" ती एकदम उसळली. "मंग आधी सांगो नही का, बाई? आम्ही काय काय समजनूत!" आणि मग माझ्यावरच डोळे वटारून, "पाव्हनास्ले शिळी भाकर देस का कोनी? बठा आठेच."

ज्या घराने मला दर खेपेला विकतची बिस्किटं दिली, त्या घरात नागलीची भाकरी रोज होत होती. पाहुण्यासमोर ठेवायची त्यांना लाज वाटायची, आणि तीच खाण्यासाठी मी पहाटे उठून धडपडत होते. मी चुलीजवळ बसले. अक्काने ताजी भाकरी थापली, पाट्यावर मिरची-लसूण रगडला. मी डबा आणून तिच्यापुढे उघडला. तिने माझी कळण्याची भाकरी मोडून तोंडात घातली, चावली आणि म्हणाली, "मीठ कमी शे." एवढं बोलून दुसरा तुकडा घेतला.

तव्यावरून काढलेली फुगलेली भाकरी तिने सरळ माझ्या हातावर ठेवली. चटका असा बसला की ती मी या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात उडवत राहिले, आणि डोळ्यांत पाणी आलं.

"भाजनं का, बाई?" अक्का घाबरून म्हणाली.

"हो अक्का, भाजलं," मी म्हणाले. "दहाही बोटांना भाजलं."

ती घाईने पाण्याचा तांब्या पुढे करत होती आणि मी वेड्यासारखी हसत होते.