राजाला कोण सांगणार

यंदा आमच्या मंडळाच्या नाटकात इंग्लंडचा एक राजा होता. देश एका पंथाचा, राजा दुसऱ्या पंथाचा. तो आपल्या पंथाची माणसं मोठ्या जागांवर बसवतो, सरदार बिथरतात, त्याच्याच परदेशातल्या जावयाला बोलावणं धाडतात, फौज फितूर होते आणि राजाला पळावं लागतं. राजाचं काम मंडळातल्या सगळ्यांच्या काकांकडे. मंडळ त्यांनीच काढलेलं, त्यामुळे ते काम दुसऱ्या कुणाला द्यायची कुणाची छाती नव्हती. मी विंगेतला प्रॉम्प्टर.

शहराच्या ईस्ट कोस्ट भागात, एका कॉन्डोच्या म्हणजे निवासी संकुलाच्या हॉलमध्ये तालीम चालू होती. आपली मुलगीही जावयाला सामील झाली, हे राजाला कळतं, तिथे काका अडले. मी वाक्य पुरवलं, पण घाईत कंसातली सूचनाही वाचून टाकली. काका भारदस्त आवाजात म्हणाले, "माझीच लेक? राजा खिडकीकडे जातो."

सगळे हसले. मीही. मग काका तेच वाक्य पुटपुटताना दिसले आणि मला माझीच लाज वाटली.

प्रयोगाला तीन आठवडे उरले होते. सगळ्यांनी ठरवलं की राजा मी करायचा, कारण संहिता मला तोंडपाठ. आणि काकांना सांगायचंही मीच. स्वतः मात्र सगळे नामानिराळे. रविवारी सेम्बावांगला काकांच्या घरी जाताना एमआरटी मेट्रोत मी वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्य मला हलकटपणाचं वाटत होतं. या शहरातल्या माझ्या पहिल्या दिवाळीला ज्यांनी मला घरी जेवायला बोलावलं, त्यांनाच गादीवरून उठवायला मी निघालो होतो.

काकूंनी पोहे दिले. दोन घास खाल्ले, तोंड उघडलं आणि अडलो.

"वाक्य पुरवू का?" काकांनी विचारलं.

मग तेच बोलले. दोन वर्षं पाठांतर टिकत नव्हतं. कुणीतरी 'आता थांबा' म्हणेल म्हणून वाट बघत होते. "पळताना त्या राजाला सुटल्यासारखंच वाटलं असणार," ते म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की मी आणखी एक बशी पोहे मागून घेतले. निघताना त्यांनी माझ्याकडची संहिता मागितली. वाचता येतं मला अजून, म्हणाले.

प्रयोगात नेमक्या त्याच जागी माझी पाटी कोरी झाली. विंगेतून काकांचा आवाज आला, हळू आणि स्वच्छ. कंस त्यांनी गाळला होता.